कंटूर प्लॉट चुकतो तेव्हा दोष नेमका कुठे शोधावा?

शंकुच्छेद

नमस्कार मंडळी. पदवीच्या तिसऱ्या वर्षाला इष्टतमीकरण शिकवताना मी रोझेनब्रॉक यांचे १९६० सालचे प्रसिद्ध फलन घेतो. फ(क्ष, य) = (१ − क्ष)² + १००(य − क्ष²)². त्याची किमान किंमत शून्य असून ती (१, १) या बिंदूवर मिळते. क्ष −२ ते २ आणि य −१ ते ३ एवढ्या चौकटीत, दोन्ही अक्षांवर ५० बिंदूंची ग्रिड घेऊन पायथॉनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये कंटूर, म्हणजे फलनाची किंमत (पातळी) सारखी असलेले बिंदू जोडणाऱ्या रेषा, काढले, तेव्हा तीन गोष्टी खटकल्या.

पहिली गोष्ट म्हणजे, पातळ्या न सांगता कंटूर काढला तर ज्या अरुंद, वाकड्या दरीसाठी (कमी किमतींच्या पट्ट्यासाठी) हे फलन ओळखले जाते ती दरी जवळजवळ कोरीच राहते. दुसरी, ०.१ ही पातळी मुद्दाम मागितली तर एका सलग बंद वक्राऐवजी लहानलहान सुटी बेटे येतात. तिसरी गोष्ट वेगळ्या फलनाची आहे. (क्ष² + य²)² = २(क्ष² − य²) हा आडव्या आठासारखा वक्र, म्हणजे लेम्निस्केट, −२ ते २ या चौकटीत तेवढ्याच बिंदूंनी काढला तर आरंभबिंदूशी त्याच्या दोन्ही शाखा एकमेकींना छेदतच नाहीत. दोन वेगळे थेंब दिसतात आणि मध्ये फट राहते.

या तिन्ही ठिकाणी खरे उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे चूक लगेच दिसली. ज्या फलनाचे उत्तर ठाऊक नाही, त्याच्या कंटूरवर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा, हा माझा मुख्य प्रश्न आहे. सॉफ्टवेअर बदलून काही फरक पडेल का, हेही जाणून घ्यायला आवडेल.

बिंदुगामी

बिंदू वाढवा. ५० ऐवजी ५०० घ्या, आजच्या संगणकाला अडीच लाख किमती काढणे काहीच जड नाही.

संख्यारेषा

बिंदुगामी यांचा उपाय इथे लागू पडेल, पण तो का पडतो हे कळल्याशिवाय पुढच्या वेळी त्याचा उपयोग होणार नाही.

मॅटप्लॉटलिबला फलन ठाऊक नसते. आपण त्याला फक्त आकड्यांचा तक्ता देतो. ग्रिडच्या प्रत्येक चौकोनाचे चार कोपरे मागितलेल्या पातळीच्या वर आहेत की खाली, एवढेच ते पाहते. एका कडेचे एक टोक वर आणि दुसरे खाली असेल तर रेषा त्या कडेला कुठेतरी छेदते असे ते धरते, आणि छेदाची जागा सरळ प्रमाणाने ठरवते. या पद्धतीला मार्चिंग स्क्वेअर्स म्हणतात. मॅटलॅब, ऑक्टेव्ह, सायलॅब यांतील तक्त्यावरून काढलेले कंटूरही मुळात कोपऱ्यांच्या किमती आणि कडांवरचे सरळ प्रमाण यांच्यावरच उभे असतात. त्यामुळे तोच तक्ता दुसऱ्या सॉफ्टवेअरला दिल्याने मोठा फरक पडणार नाही.

आता आपल्या बेटांकडे पाहू. ०.१ पातळीच्या आत येणारा पट्टा क्ष = १ पाशी य-दिशेने ०.०६३ एवढा रुंद आहे, आणि आपल्या ग्रिडमधील अंतर ४/४९ म्हणजे ०.०८२ आहे. ग्रिडच्या एखाद्या उभ्या रेघेवर पट्ट्यात एखादा बिंदू सापडतो, एखाद्या रेघेवर एकही नाही. शिवाय दरीचा चढ तिथे सुमारे २ आहे, म्हणजे एक स्तंभ उजवीकडे सरकले की पट्टा साधारण दोन ओळी वर जातो. पट्ट्यात सापडलेले शेजारशेजारचे दोन बिंदू त्यामुळे एकाच चौकोनाचे कोपरे नसतात आणि प्रत्येकाभोवती स्वतंत्र चौकोनी मणी तयार होतो. आपल्याला दिसली ती ही सुट्या मण्यांची माळ. दिलेल्या तक्त्यापुरते मॅटप्लॉटलिबचे उत्तर बरोबरच आहे. त्या तक्त्यात दरी सलग नाही.

जुनी_पाटी

संख्यारेषा यांच्या उत्तरात त्रुटीचा अंदाज जोडतो, कारण किती बिंदू पुरे, हे त्यावरून आधीच ठरवता येते.

कडेवर सरळ प्रमाण धरल्याने फलनाच्या किमतीत पडणारी चूक जास्तीत जास्त (ग्रिड-अंतर)² × (त्या दिशेचा दुसरा विकलज) ÷ ८ एवढी असते. रेषेची जागा किती सरकते हे हवे असेल तर या चुकीला उताराने भागायचे. एकक वर्तुळावर हे हाताने करून पाहण्यासारखे आहे. फलन क्ष² + य², पातळी १, ग्रिड-अंतर ०.५ आणि य = ०.५ ही आडवी रेघ घ्या. क्ष = ०.५ ला किंमत ०.५, क्ष = १ ला १.२५; सरळ प्रमाणाने छेद ०.८३३ ला येतो, तर खरा छेद ०.८६६ ला आहे. अंतर निम्मे, म्हणजे ०.२५ केले की छेद ०.८५७ ला येतो. चूक ०.०३३ वरून ०.००९ वर आली, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा उरली. फलन बहिर्वक्र असल्यामुळे चूक नेहमी आतल्या बाजूला पडते, आणि विरळ ग्रिडवर काढलेले वर्तुळ खऱ्यापेक्षा थोडे लहान दिसते.

हाच हिशेब रोझेनब्रॉकला लावा. (१, १) पाशी क्ष-दिशेचा दुसरा विकलज ८०२ येतो. ०.०८२ अंतराला किमतीतील चूक ०.६७ पर्यंत जाऊ शकते, आणि आपण मागितलेली पातळीच मुळी ०.१ आहे! त्या ग्रिडवर ही पातळी काढणे शक्यच नव्हते. ४०१ बिंदू घेतले, म्हणजे अंतर ०.०१ झाले, तर चूक ०.०१ च्या आसपास येते. ८०१ घेतल्यास ०.००२५. वर्गासाठी ८०१ पुरेसे आहेत.

निळी_नदी

पहिल्या शंकेबद्दल. या चौकटीत सर्वात मोठी किंमत (−२, −१) या कोपऱ्यावर २५०९ आहे. सॉफ्टवेअर शून्यापासून तिथपर्यंत समान अंतराच्या मोजक्या पातळ्या निवडते, त्यामुळे शून्यानंतरची पहिली पातळीच काहीशेच्या घरात जाते आणि दरीतील सगळा तपशील तिच्या आत राहतो. पातळ्या आपणच द्याव्यात: ०.१, ०.३, १, ३, १०, ३०, १००, ३००, १०००.

यासाठी पुष्कळ जण फलनाचाच लॉग घेऊन कंटूर काढतात. ते मी सुचवणार नाही. ४०१ बिंदूंच्या ग्रिडवर (१, १) हा बिंदू नेमका येतो, तिथे किंमत शून्य किंवा शून्यालगत असते आणि लॉग उणे अनंताकडे जातो. मग त्या बिंदूला लागून असलेल्या चौकोनांतील रेषा बिघडतात आणि आपोआप निवडलेल्या पातळ्याही कोलमडतात. लॉगचे अंतर पातळ्यांना द्यावे, फलनाला हात लावू नये.

दख्खनी_पठार

लेम्निस्केटची फट मला सर्वांत बोधप्रद वाटली, म्हणून कागदावर चौकोन मांडून पाहिला.

५० ही सम संख्या असल्याने आरंभबिंदू ग्रिडवर येत नाही; तो मधल्या चौकोनाच्या बरोबर मध्यभागी येतो. ग्रिड-अंतर ह असेल तर त्या चौकोनाचे चारही कोपरे (±ह/२, ±ह/२) आहेत. तिथे क्ष² − य² शून्य होतो आणि डाव्या बाजूतून उजवी वजा केल्यावर फक्त ह⁴/४ उरते, म्हणजे चारही कोपऱ्यांवर तीच अतिशय लहान पण धन किंमत. चारही कोपरे एकाच चिन्हाचे असल्यामुळे त्या चौकोनातून रेषा जाते असे मानण्याचे पद्धतीला काहीच कारण उरत नाही. बिंदू ५० चे ५०० केले तरी ही फट फक्त लहान होईल, जाणार नाही.

याउलट ५१ बिंदू घ्या. आता आरंभबिंदू ग्रिडवर येतो, तिथे किंमत शून्य असते, आणि चारही बाजूंच्या चौकोनांत रेषा थेट आरंभबिंदूपासून निघते. छेद व्यवस्थित दिसतो. वक्र स्वतःला जिथे छेदतो तो बिंदू माहीत असेल तर ग्रिड अशी निवडावी की तो बिंदू तिच्यावर पडेल.

बिंदुगामी

हे पटले. म्हणजे माझ्या सल्ल्यात '५००' ऐवजी '५०१' हवे. पण मग ग्नूप्लॉटमध्ये वक्र गुळगुळीत करण्याची सोय आहे ती वापरली तर? तिथे मी ती नेहमी वापरतो आणि चित्र छान येते.

संख्यारेषा

त्या सोयीला माझा ठाम विरोध आहे. ग्नूप्लॉटमध्ये फलनाच्या पृष्ठभागासाठी आयसोसॅम्पल्सची, म्हणजे ग्रिडच्या रेषांची, मूळ संख्या दोन्ही दिशांना अवघी १० असते. एवढ्या विरळ ग्रिडवरची तुटक रेषा बी-स्प्लाइन या गुळगुळीत वक्र काढण्याच्या पद्धतीने गुळगुळीत केली की ती मूळ छेदबिंदूंमधूनही जात नाही, त्यांच्या आसपासून जाते. तुटकपणा ही 'इथे माहिती कमी आहे' अशी सूचना असते, आणि आपण तीच पुसून टाकतो. आधी आयसोसॅम्पल्स १०० किंवा २०० करावेत. त्यानंतर गुळगुळीत करण्याची गरजच राहत नाही.

कृष्णाकाठ

एक वेगळी बाजू मांडते. आमच्या कामात फलन नसतेच, फक्त विखुरलेल्या ठिकाणांची मोजमापे असतात, आणि तिथे बिंदू वाढवा म्हणणे म्हणजे नवीन पर्जन्यमापक बसवा म्हणणे.

महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तीसेक किलोमीटरवरच्या वाईला त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी. या दोन ठिकाणांमध्ये मापके नसतील तर सॉफ्टवेअर समपर्जन्य रेषा समान अंतरावर मांडून मोकळे होते. प्रत्यक्षात घाटमाथ्यापासून पूर्वेकडे पाऊस सुरुवातीला झपाट्याने कमी होतो आणि नंतर सावकाश. अंतराच्या व्यस्त प्रमाणात भार देणारी पद्धत वापरली तर प्रत्येक मापकाभोवती गोल वर्तुळे उमटतात, आणि दोन मापकांमध्ये कितीही उंच डोंगर असला तरी तिथली किंमत मोजलेल्या कमाल किमतीच्या वर कधीच जात नाही. हे नकाशे पाहून पाण्याचे हिशेब केले जातात, म्हणून मला त्याची काळजी वाटते.

त्रिकोणांच्या जाळीवरून कंटूर काढताना आणखी एक घोटाळा होतो. एका अक्षावर किलोमीटर आणि दुसऱ्यावर मीटर असतील तर डेलोने त्रिकोणीकरण (विखुरलेले बिंदू जोडून त्रिकोण पाडण्याची नेहमीची पद्धत) लांबट, सुईसारखे त्रिकोण निवडते आणि रेषा एकाच दिशेला ओढल्यासारख्या दिसतात. त्रिकोण पाडण्यापूर्वी दोन्ही अक्ष एका मापात आणावेत. आणि मापकांचे ठिपके कंटूरच्या वर नेहमी छापावेत, म्हणजे कोणती रेषा मोजमापावर उभी आहे आणि कोणती अंदाजावर, हे वाचणाऱ्याला दिसते.

निळी_नदी

ठिपके छापण्याची सूचना फलनाच्या कंटूरलाही लागू आहे. ग्रिडचे बिंदू फिकट रंगात वर टाकले तर शंकुच्छेद यांच्या पट्ट्यात किती कमी बिंदू पडतात हे विद्यार्थ्यांना एका नजरेत कळेल.

आडवे_उभे

सायलॅब वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रसाराच्या प्रकल्पामुळे आपल्याकडच्या बऱ्याच महाविद्यालयांत सायलॅब पोहोचले आहे. त्यात कंटूरला दिलेल्या तक्त्याची ओळ क्ष ची आणि स्तंभ य चा मानला जातो. मॅटलॅब, ऑक्टेव्ह आणि मॅटप्लॉटलिबमध्ये नेमके उलटे आहे. एकीकडचा प्रोग्रॅम दुसरीकडे नेताना तक्ता फिरवला नाही आणि दोन्ही अक्षांवर बिंदू सारखेच असले, तर कोणतीही चूक न दाखवता क्ष-य अदलाबदल झालेले चित्र येते. वर्तुळासारख्या सममित फलनावर ते लक्षातही येत नाही. कोणतेही नवे सॉफ्टवेअर हाती घेतल्यावर आधी नुसत्या क्ष या फलनाचे कंटूर काढावेत. रेषा उभ्या आल्या पाहिजेत. शिवाय क्ष आणि य यांच्या बिंदूंची संख्या मुद्दाम वेगळी ठेवावी, म्हणजे तक्ता उलटा गेल्यास सॉफ्टवेअर स्वतःच तक्रार करते.

जुनी_पाटी

चित्र फिरण्यावरून आठवले. दोन अक्षांचे प्रमाण सारखे नसेल तर ग्रेडियंट, म्हणजे सर्वांत तीव्र चढाची दिशा, कंटूरला लंब दिसत नाही, आणि विद्यार्थी प्रमेयावरच शंका घेतात. रेषा बरोबर असतात, पडद्यावरची ताणलेली चौकट फसवते. मॅथेमॅटिकाचा कंटूरप्लॉट चौकट मुळात चौरस करतो, त्यामुळे क्ष ० ते ४ आणि य ० ते १ घेतल्यास वर्तुळ लंबगोल दिसते. मॅटलॅबमध्ये 'ॲक्सिस इक्वल' दिले की हा प्रश्न मिटतो.

शंकुच्छेद

सर्वांचे आभार. ४०१ बिंदू आणि निळी_नदी यांच्या पातळ्या घेतल्यावर दरी सलग आली, आणि विषम संख्येने लेम्निस्केटही जुळला. मुख्य प्रश्न मात्र मला अजून सतावतो आहे. जुनी_पाटी यांचे सूत्र वापरायला दुसरा विकलज माहीत हवा. तो काढणे अवघड असेल, किंवा फलनाची किंमत एखाद्या लांबलचक प्रोग्रॅममधून येत असेल, तर काय करावे? आणि ग्रिड दाट करत गेलो की चित्र खऱ्याकडेच जाते, असे निर्धास्तपणे मानता येईल का?

संख्यारेषा

निर्धास्तपणे मानता येणार नाही. तीन ठिकाणी दाट ग्रिड मदत करत नाही.

एक, फलन शून्याला स्पर्श करते पण चिन्ह बदलत नाही. (क्ष² + य² − १)² = ० चा कंटूर मागा. खरे उत्तर एकक वर्तुळ आहे, पण फलन कुठेच ऋण होत नसल्याने कितीही बिंदू घेतले तरी वर्तुळ उमटत नाही. फार तर ग्रिडचे जे बिंदू योगायोगाने वक्रावर पडतील तिथे एखादा तुकडा दिसतो. वर्ग काढून टाकून आतल्या फलनाचा कंटूर काढणे हाच इथला मार्ग आहे.

दोन, फलन चिन्ह बदलते पण शून्यातून जात नाही. १/क्ष घ्या. क्ष = ० च्या एका बाजूला मोठी ऋण किंमत, दुसऱ्या बाजूला मोठी धन; सॉफ्टवेअर मधे सगळ्या पातळ्यांच्या रेषा खेटून उभ्या करते आणि ती भिंत खरी वाटते. संमिश्र संख्येच्या कोनाचे कंटूर काढताना ऋण वास्तव अक्षावर दिसणारा रेषांचा गठ्ठा हाही याच जातीचा. अपूर्णांकाच्या रूपातील फलनात भाजकाने गुणून घ्यावे, किंवा त्या पट्ट्यातील किमती तक्त्यातून वगळाव्यात.

तीन, आकडेमोडीचा गोंगाट. (क्ष − १)⁷ हे सूत्र विस्तारून लिहिले तर ०.९९ ते १.०१ च्या दरम्यान खरी किंमत १०⁻¹⁴ च्या आत असते, आणि दुहेरी अचूकतेतील (संगणकाच्या नेहमीच्या सुमारे १६ अंकी आकडेमोडीतील) पूर्णांकनाची चूकही त्याच आकाराची असते. तिथे शून्याची रेषा धुळीसारखी विखुरते, आणि ग्रिड जितकी दाट तितकी धूळ अधिक. सूत्र न विस्तारता लिहिले की ती नाहीशी होते.

दख्खनी_पठार

विकलज नसतानाही काढलेली रेषा तपासता येते. मॅटलॅबचा कंटूर रेषांच्या बिंदूंचा तक्ता परत देतो, मॅटप्लॉटलिबमध्येही रेषांचे तुकडे हाती लागतात. ते बिंदू घेऊन मूळ फलनात टाकावेत आणि किंमत मागितलेल्या पातळीपासून किती दूर आहे ते पाहावे. त्या फरकाला त्या बिंदूवरील उताराने भागले की रेषा किती सरकली आहे याचा अंदाज मिळतो. उतार फलनाच्या जवळच्या किमतींवरून काढता येतो. हवे तर तेवढेच अंतर ग्रेडियंटच्या दिशेने सरकवून रेषा दुरुस्तही करता येते, ती समीकरणे सोडवण्याच्या न्यूटनच्या पद्धतीचीच पायरी आहे. जिथे उतार शून्याजवळ जातो तिथे हा अंदाज फुगतो, आणि कंटूरवर सर्वांत कमी विश्वास ठेवायच्या जागाही त्याच.

रोझेनब्रॉकसाठी तर पडताळणीला काटेकोर वक्रच उपलब्ध आहे. पातळी प असेल तर क्ष = १ − √प कोज्या ट, आणि य = क्ष² + (√प/१०) ज्या ट. पहिला कंस प कोज्या² ट देतो, दुसरा प ज्या² ट, बेरीज प. हा वक्र काळ्या रंगात आणि सॉफ्टवेअरचा कंटूर त्याच्यावर लाल रंगात काढून वर्गात दाखवावा. ५०, १०१ आणि ४०१ बिंदूंना लाल रेषा काळीकडे कशी सरकते ते दिसेल.

अंतराल

दख्खनी_पठार यांची कसोटी उत्तम आहे, पण ती काढलेल्या रेषेपुरतीच आहे. जी रेषा मुळात काढलीच गेली नाही तिच्याबद्दल ती काही सांगत नाही. मॅथेमॅटिकाचा कंटूरप्लॉट प्रत्येक दिशेला सुरुवातीला १५ बिंदू घेतो आणि जिथे गरज वाटते तिथे चौकोन दोनदा विभागतो. पण ०.०२ त्रिज्येचे एखादे वर्तुळ पूर्णपणे एका चौकोनात बसले असेल, तर तिथे विभागण्याची गरज आहे हे त्याला कळायला काहीच मार्ग नसतो.

यावर खात्रीचा उपाय अंतराल-अंकगणिताचा, म्हणजे एकेका आकड्याऐवजी आकड्यांच्या सबंध पट्ट्यावर हिशेब करण्याचा आहे. जेफ टपर यांनी २००१ साली आलेखांसाठी त्याची पद्धत मांडली. चौकोनाच्या कोपऱ्यांऐवजी संपूर्ण चौकोनच फलनात टाकायचा. क्ष² + य² − ०.०००४ हे फलन आणि दोन्ही अक्षांवर −०.१ ते ०.१ हा चौकोन घ्या. चारही कोपऱ्यांवर किंमत ०.०१९६ आहे, म्हणून नेहमीची पद्धत इथून पुढे जाते. अंतरालाने क्ष² आणि य² प्रत्येकी ० ते ०.०१ येतात आणि फलन −०.०००४ ते ०.०१९६ या पट्ट्यात येते. पट्ट्यात शून्य आहे, म्हणून हा चौकोन टाकून देता येत नाही, विभागावाच लागतो. ज्या चौकोनाच्या पट्ट्यात शून्य नसेल त्यात रेषा नाही हे सिद्धच होते.

शंकुच्छेद

हे पायथॉनमध्ये करता येईल का? आणि लांबलचक प्रोग्रॅममधून येणाऱ्या फलनाचे काय?

अंतराल

सूत्र हाती असेल तर पायथॉनच्या एमपीमॅथ या लायब्ररीमध्ये अंतरालांची सोय आहे. ती सावकाश चालते, म्हणून सबंध चौकट तिला देऊ नये. आधी १६ × १६ चौकोनांवर चालवावी आणि जे चौकोन टाकून देता येत नाहीत तेवढेच पुढे विभागावेत. एकच चल सूत्रात अनेकदा आला तर पट्टा गरजेपेक्षा रुंद येतो, त्यामुळे सूत्र रोझेनब्रॉकच्या मूळ रूपासारखे कंसांत बांधलेले असावे.

फलन प्रोग्रॅममधून येत असेल आणि आत पाहता येत नसेल, तर अशी खात्री मिळत नाही. तिथे मी दोन ग्रिड घेतो, ज्यांच्या बिंदूंचा एकमेकांशी फारसा मेळ नसतो, उदाहरणार्थ २०१ आणि ३१७, आणि दोन्ही कंटूर एकावर एक ठेवतो. रेषा सगळीकडे जुळल्या तरी प्रसिद्ध करताना चित्राखाली ग्रिडचे अंतर लिहितो, म्हणजे त्याहून लहान आकाराबद्दल चित्र काही सांगत नाही हे वाचणाऱ्याला समजते.